नडगीच्या हाडाची नावे आणि उस्मानियाचे उर्दू वैद्यक

हैदराबादेतील बरकतपुरा काचीगुड्याला लागून आहे. काचीगुडा स्थानक १९१६ साली बांधले गेले. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेडमार्गे मीटरगेज गाडी येथवर येई. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या तेथील मराठी मुलाला १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचा मार्ग होता. मात्र शिक्षणाचे माध्यम उर्दू. पाठ्यपुस्तके सिद्ध करण्यासाठी १९१७ सालीच दारुल-तर्जुमा हा भाषांतर विभाग सुरू झाला होता आणि त्याच्या परिभाषेचा मोठा भाग अरबी-फारसीतून आला.

म्हणजे घरी ज्याला 'नडगी' म्हटले, त्याला वर्गात दुसरे नाव. पण ते नाव खरेच इतके परके होते काय?

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. आतल्या बाजूचे जाड हाड शरीराचा भार पेलते. त्याची पुढची कड कातडीच्या लगेच खाली असते, म्हणूनच नडगीवर साधा मार बसला तरी कळवळायला होते. बाहेरचे हाड काडीसारखे बारीक. इब्न सीनाने अकराव्या शतकातील 'कानून'मध्ये यांना मोठा व लहान 'क़सबा' म्हटले आहे; लहान हाड वर मांडीच्या हाडापर्यंत पोहोचत नाही, हेही त्याने नोंदवले. आजच्या कोणत्याही सांगाड्यावर हे पडताळता येते.

'क़सबा' म्हणजे वेत, पोकळ नळी. सुश्रुताने जंघेत दोनच हाडे मोजली आणि लांब, नळीसारख्या हाडांच्या वर्गाला 'नलक' म्हटले. लॅटिनमधील 'टिबिया' म्हणजेही बासरी. हैदराबादी दस्तरखानावरची 'नल्ली' तर विद्यार्थ्याला पुस्तकाआधीच ठाऊक असते! बारीक हाडाचे 'फिब्युला' हे नाव मात्र वेगळ्या वाटेने आले. त्याचा अर्थ वस्त्र अडकवण्याचा आकडा.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले आणि त्यानंतर उस्मानियात इंग्रजी आली. उर्दू पुस्तके वर्गाबाहेर गेली. युनानी महाविद्यालयांतून 'क़सबा' टिकला. मराठी परिभाषेने 'अंतर्जंघास्थी' आणि 'बहिर्जंघास्थी' हे शब्द घेतले. ते अचूक आहेत, कारण आत-बाहेर ही जागा नावातच सांगतात. पण पोकळ नळीची ओळख त्यांत उरली नाही, आणि माझ्या मते वर्गात पहिल्या दिवशी नेमकी तीच उपयोगी पडते.