किल्ल्या, हजेरी आणि कोठार

आज थोडं गडांबद्दल आणि बरंचसं संगणकाबद्दल बोलणार आहे. इतिहासाच्या मालिकेत संगणक कुठून आला, असं वाटेल. पण कोठार कोणाचं, किल्ली कोणाकडे आणि आत कोण गेलं याची नोंद कोण ठेवतं, हा प्रश्न जुनाच आहे.

मैसूर जिल्ह्यातल्या सरगूरला मी काही महिने मुक्कामाला होतो. कबिनीकाठचं हे गाव अलीकडेपर्यंत हेग्गडदेवनकोटे तालुक्यात होतं, आता स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे. तिथल्या एका छोट्या संस्थेनं मला बोलावलं. "कर्नलसाहेब, फौजी माणूस आहात, जरा आमच्या कार्यालयाला शिस्त लावून द्या," असं त्यांचं म्हणणं.

कार्यालयात 5 संगणक होते आणि एक फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचं सामाईक कोठार. माणसं 14, वापरपरवाने 5. म्हणून कोणीतरी युक्ती काढली होती: सर्व्हरवर 'ऑफिस' या एकाच नावानं सगळ्यांनी शिरायचं. पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटवलेला. एके दिवशी लाभार्थ्यांची यादी पुसली गेली. नोंद काढून पाहिली, तर ती एवढंच सांगत होती की 'ऑफिस'नं पुसली. संशय आला तो सगळ्यांत नव्या मुलावर, जवळच्या हाडीतून आलेल्या, घरातल्या पहिल्याच शिकलेल्या पोरावर. पुरावा काहीच नव्हता. पण निर्दोष असल्याचाही पुरावा त्याला देता येईना. त्यानं नोकरी सोडली. मी पोचलो तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती.

हे परवान्यांचं प्रकरण आलं कुठून, ते आता पाहू.

1980च्या दशकात संगणक स्वस्त झाले, पण मोठी डिस्क आणि चांगला प्रिंटर महागच राहिले. तेव्हा एका यंत्रात डिस्क ठेवून बाकीची यंत्रं तारेनं जोडायची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॉवेल कंपनीचं 'नेटवेअर' या कामात आघाडीवर होतं. नेटवेअर 5, 10, 25, 50, 100, 250 अशा वापरकर्त्यांच्या हिशेबानं विकलं जाई. सर्व्हरचा मुख्य कारभारी 'सुपरवायझर' नावानं आत शिरे, आणि कोणाला कोणतं दालन उघडायचं हे तोच ठरवी. मी मेजर असताना अशी यंत्रणा प्रथम पाहिली आणि मला थेट क्वार्टरमास्टरचं स्टोअर आठवलं.

नेटवेअरची एक गंमत सांगतो. एकाच अनुक्रमांकाची प्रत दोन सर्व्हरांवर चढवली, तर तारेवरून ते एकमेकांना ओळखत आणि स्वामित्वभंग झाल्याची ओरड सुरू करत. आपल्या इतिहासात याला जोड आहे. सरदार एकच घोडा दोनदा हजेरीला दाखवून दोन घोड्यांचा पैसा उचलत. म्हणून अलाउद्दीन खिलजीनं घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायाचा हुलिया, म्हणजे चेहरेपट्टीचं वर्णन, लिहून ठेवायची पद्धत घातली. पुढे अकबरानंही डागाची पद्धत पुन्हा सुरू केली. अनुक्रमांक म्हणजे सर्व्हरच्या पुठ्ठ्यावरचा डागच!

1993 साली मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी आलं, आणि लवकरच परवान्याचे दोन प्रकार झाले. एक सर्व्हरमागे: एका वेळी कितीजण आत असतील, तेवढे परवाने. दुसरा आसनामागे: प्रत्येक संगणकाला स्वतःचा परवाना, मग तो कितीही सर्व्हरांकडे जावो. पहिल्यातून दुसऱ्यात एकदाच जाता येई, परतीची वाट नव्हती. 2003 पासून आणखी एक निवड मिळाली: परवाना माणसाच्या नावे घ्या किंवा यंत्राच्या. दरम्यान 1992 साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी 'सांबा'ची सुरुवात केली होती. लिनक्सच्या यंत्रावर हे मुक्त सॉफ्टवेअर चढवलं की विंडोजच्या संगणकांना ते फाइल सर्व्हर म्हणून चालतं, आणि त्याला माणशी परवाना लागत नाही.

आता गडावर चला. कृष्णाजी अनंत सभासदानं 1697 साली जिंजीला आपली बखर लिहिली. शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था तीत दिसते. गड एकाच्या हाती नव्हता. हवालदार, सबनीस, सरनोबत असे अधिकारी, आणि कोठार-सामानासाठी कारखानीस. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य कारखानिसाकडे. फितुरी एकट्याला करता येऊ नये, हा एक हेतू. मला दुसराही तितकाच मोलाचा वाटतो: खोटा आळ एकट्यावर येऊ नये. धान्य कमी भरलं, तर तीन नोंदी ताडून पाहता येत.

हाच धडा कर्नाटकानं आपल्या काळात गिरवला. गावोगावच्या सुमारे 9,000 ग्रामलेखापालांच्या हातातली जमिनीची वही 'भूमी' प्रकल्पानं संगणकावर आणली. 177 तालुके, सुमारे 67 लाख शेतकरी, 2 कोटी नोंदी. आपला सातबारा, तसा तिकडचा पहाणी उतारा. 15 रुपये भरून तो मिळू लागला. त्यात सर्व्हरपाशी बोटाचा ठसा देऊनच शिरायची सोय केली होती. "माझा पासवर्ड दुसऱ्यानं वापरला" ही पळवाट कोणत्याही अधिकाऱ्याला उरू नये, म्हणून. शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद कोणी बदलली, हे नावानिशी कळायला हवं.

पुन्हा सरगूरच्या कार्यालयात येतो. 14 जणांनी एक नाव वापरलं म्हणून परवाने वाचले, हा त्यांचा भ्रम होता. माणसाच्या नावे परवाना घेतला की डोकी मोजायची असतात, नावं नव्हेत. आणि सोपा, कायदेशीर उपाय तर समोरच होता. यंत्रं 5च होती. परवाने यंत्राच्या नावे घेतले असते, तर तेच 5 पुरले असते आणि 14 जणांना 14 वेगळी नावं देता आली असती. एक पैसा जास्त लागला नसता.

आम्ही तेच केलं. प्रत्येकाला स्वतःचं नाव. सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद. सर्व्हरची किल्ली एकाकडे, नोंदवही तपासायचं काम दुसऱ्याकडे, आणि रोजची जादा प्रत तिसऱ्याच्या कपाटात. कपाटाच्या दारावरचा कागद मी स्वतः फाडला.

यादी जुन्या कागदांवरून पुन्हा तयार झाली. त्या मुलाला संस्थेनं निरोप धाडला, पण तो आला नाही. मला त्याचा राग समजतो. पलटणीत आम्ही हजेरीपट शिस्तीसाठी असतो असं समजत होतो. तो शिपायाच्या अब्रूसाठीही असतो, हे मला निवृत्तीनंतर सरगूरला कळलं.

तुमच्या कार्यालयात, शाळेत, पतसंस्थेत असा 'ऑफिस' नावाचा इसम कामाला असेल, तर त्याला आजच निवृत्त करा. जय हिंद!