आवडींची देवघेव : इंदूर-देवास येथील एक मैत्र

ग्रंथालयातून कोणी कोणते पुस्तक नेले आणि केव्हा परत केले, याची नोंद देवघेवीच्या वहीत सापडते. ते पुस्तक वाचून आनंदलेल्या माणसाने आपल्या मित्राला काय सांगितले, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. नगराचा सांस्कृतिक इतिहास जुळवू पाहणाऱ्याला या दुसऱ्या देवघेवीचे मोल अधिक वाटते. माळव्यातील मराठी समाजाच्या इतिहासात तिचे एक ठळक उदाहरण आढळते.

होळकरांच्या इंदुरात आणि पवारांच्या देवासात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी इंदूर येथे चित्रकलेचे विद्यालय उभे केले. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांच्या कलाजीवनाचा आरंभ याच परिसरात झाला. निसर्गचित्रणाची ओढ हे या परंपरेचे एक वैशिष्ट्य होते. तिच्यातच घडलेले विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००) पुढे सर्वांचे ‘गुरुजी’ झाले. रंग आणि कुंचला यांवरच त्यांचे समाधान झाले नाही. वाळलेले पान, वाकडी काटकी, फेकून दिलेली मोडकी वस्तू यांत दडलेला आकार ते शोधीत आणि इतरांनाही पाहावयास लावीत.

त्यांच्या निकटच्या मित्रांत राहुल बारपुते (१९२२–१९९६) आणि बाबा डिके होते. मराठी घरातील बारपुते यांनी आपली लेखणी हिंदीला वाहिली. १९४७ मध्ये इंदुरात निघालेल्या ‘नई दुनिया’ या दैनिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी यांच्यासारखे पत्रकार त्याच वातावरणात तयार झाले. डिके यांचे क्षेत्र रंगभूमीचे. त्यांच्या ‘नाट्यभारती’ने इंदुरात नाटकाची गंभीर आवड रुजविली.

या मेळ्यातील चौथे नाव कुमार गंधर्व (१९२४–१९९२) यांचे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी कानडी घरात त्यांचा जन्म झाला आणि संगीताचे शिक्षण मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे झाले. ऐन तारुण्यात क्षयाने ग्रासल्यामुळे १९४८ मध्ये ते कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणे तर वर्ज्यच झाले होते. बालवयापासून कीर्ती मिळविलेल्या गायकापाशी आता उरले होते ते केवळ ऐकणे. पत्नी भानुमतींनी नोकरी करून संसार आणि शुश्रूषा यांचा भार वाहिला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी वाटेने जाणाऱ्या स्त्रियांची माळवी गीते आणि जोग्यांची निर्गुणी भजने पडत राहिली. सक्तीच्या मौनाची ती वर्षे अशा रीतीने श्रवणाची वर्षे ठरली.

१९५२ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्यांच्या गळ्यातून केवळ जुनी विद्या परतली नाही. लोकधुनांतून उगवलेले लगनगंधार, मधसुरजा यांसारखे राग आले. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ या कार्यक्रमांतून ऋतूच मैफलीत येऊन बसले. कबीर, सूरदास, मीरा आणि तुकाराम यांच्या काव्याकडे श्रोते नव्याने पाहू लागले. १९६५ मध्ये त्यांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला आणि माळव्याच्या मातीचा सूर मराठी ग्रंथालयांच्या कपाटात दाखल झाला.

गायक, चित्रकार, संपादक आणि नाट्यदिग्दर्शक अशा या चौघांचे व्यवसाय परस्परांहून भिन्न होते. कोण कोणाचा शिष्य, हे ठरविणे कठीण आहे. एकाने झाडाच्या खोडात पाहिलेला आकार, दुसऱ्याने ऐकलेली धून, तिसऱ्याच्या वाचनात आलेला विचार हे धन वाटल्याने वाढत गेले. चिंचाळकरांनी लहान मुलांसाठी केलेल्या ‘खुलते अक्षर खिलते अंक’ या हिंदी पुस्तकात अक्षरेच चित्ररूप घेतात. चित्र आणि वाचन यांच्यातील भिंत त्यांना मान्य नव्हती, याची ही साक्षच होय.

मराठीच्या दृष्टीने या मैत्रीचा ताळेबंद मांडू जाता, एक प्रश्न उभा राहतो. बारपुते हिंदीत लिहीत, कुमारांची मातृभाषा कानडी आणि त्यांच्या अनेक बंदिशी माळवीत. मग मराठीच्या पदरात काय पडले? महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांना हा प्रश्न आजही सतावतो, कारण पुढच्या पिढीची वाचनभाषा पालटत चालली आहे. इंदूर-देवासच्या इतिहासाचे उत्तर असे, की शेजारच्या बोलीसाठी, परप्रांतीयासाठी आणि अनोळखी कलेसाठी तेथील मराठी घराने दार उघडे ठेवले, म्हणूनच त्याचा लौकिक दूरवर पोहोचला. जे आवडले ते दुसऱ्याला सांगावेसे वाटणे, ही त्या घराची खरी श्रीमंती होती. शतायुषी ग्रंथालयाची कपाटे ग्रंथांनी भरतात. त्याचे आयुष्य मात्र पुस्तक परत करताना टेबलापाशी क्षणभर रेंगाळून, ‘हे अवश्य वाचा,’ असे सांगणाऱ्या वाचकांमुळे वाढते.