कपाटातली कोलामी

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातून दक्षिणेला गेले की पैनगंगा लागते आणि पलीकडे आदिलाबादचा मुलूख सुरू होतो. कोलामांची वस्ती दोन्ही काठांवर आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, आदिलाबाद निजामाकडेच राहिले. नदी सरहद्द झाली. एकच भाषा बोलणारी माणसे दोन राज्यांच्या दप्तरांत विभागली गेली. पुढे ही भाषा कागदावर उतरली, तीही अशीच तुकड्यातुकड्यांनी. ते तुकडे शोधायचे तर विद्यापीठांच्या ग्रंथालयांची वाट धरावी लागते.

पुण्याचे डेक्कन कॉलेज हे अशा शोधाचे एक स्वाभाविक ठिकाण. 1821 साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत या संस्थेची परंपरा जाते. मधल्या काळात बंद पडलेले कॉलेज 1939 साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. हसमुख सांकलियांचे पुरातत्त्व, इरावती कर्व्यांचे मानवशास्त्र आणि सुमित्र कत्र्यांचे भाषाशास्त्र एका आवारात आले. त्याच वर्षी पारसनिसांचा ऐतिहासिक संग्रह साताऱ्याहून इथे आला. मडकी, हत्यारे, मोडी कागद यांना संग्रहालयात जागा मिळते. पण ज्या भाषेची स्वतःची जुनी लिखित परंपरा नाही, ती काचेच्या पेटीत कशी ठेवणार? तिचे संग्रहालय म्हणजे व्याकरणे आणि कोश.

कोलामीच्या बाबतीत तीन ग्रंथ महत्त्वाचे. पहिला ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड, 1906 सालचा. स्टेन कोनोव यांनी त्यात मुंडा आणि द्राविडी भाषांची नोंद केली. तिसरा मरे एमेनो या कॅनडात जन्मलेल्या पंडिताचा. त्यांनी 1930च्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या कोलामांकडून भाषा ऐकून घेतली. त्यांचा ग्रंथ 1955 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला.

मधला, दुसरा ग्रंथ हैदराबादला 1950 साली निघाला. तो आदिलाबादच्या कोलामीचे व्याकरण सांगतो. लेखकाचे नाव इंग्रजीत पी. सेतुमाधवराव असे छापलेले. हे पी. म्हणजे पगडी. फार्सी साधनांतून मराठ्यांचा इतिहास उलगडणारे आपले सेतुमाधवराव पगडी! हैदराबाद राज्याच्या सेवेत असताना त्यांनी कोलामी आणि गोंडी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. मराठी वाचक त्यांना इतिहासाच्या फळीवर ओळखतो. भाषाशास्त्राच्या फळीवर मात्र आडनावाचे आद्याक्षरच उरते. बरो आणि एमेनो यांच्या 1961च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात तर त्यांचे नाव ‘एस. आर.’ या दोन अक्षरांत मावले आहे. ग्रंथालयात दोन फळ्यांमधले अंतर चार पावलांचे असेल, पण ओळख पटायला ते पुरेसे लांब ठरते.

त्या कोशात कोलामी शब्द कोणाच्या सोबतीला बसले आहेत, हे पाहण्यासारखे आहे. कोलामीत घराला ‘एल्ला’ म्हणतात. शेजारी तेलुगूतला ‘इल्लु’. पाण्याला ‘ईर’, त्याच ओळीत तमिळ ‘नीर’ आणि तेलुगू ‘नीरु’. आपल्या कवितेतले ‘नीर’ संस्कृतातून आले. आणि संस्कृतात तो शब्द द्राविडी भाषांतून आला, असे बरो आणि एमेनो यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे पैनगंगेकाठी कोलाम बाई ज्याला ‘ईर’ म्हणते, त्या शब्दाचे आणि आपल्या ‘नीर’चे मूळ एकच. ज्यांना आपण दूरचे मानतो, त्यांचा एक सोयरा आपल्या ओवी-अभंगांच्या घरात कधीचा येऊन बसला आहे.

आज कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. कातकरी आणि माडिया गोंड या इतर दोन. भाषेचा अभ्यास झाला, पण तो इंग्रजीत झाला. ज्यांनी शब्द सांगितले, त्यांच्या नातवंडांनी ही पुस्तके वाचावीत अशी सोय त्यात नव्हती. वर्ध्याची कोलामी एमेनोंकडे, आदिलाबादची पगडींकडे. झरी जामणी या दोहोंच्या मधोमध. या ग्रंथांच्या मराठी आवृत्त्या तालुक्यात पोचाव्यात आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी त्या ऐकून ‘आमच्याकडे असं नाही म्हणत’ असे सांगावे. त्या दुरुस्तीपासून या भाषेचे चौथे पुस्तक सुरू होईल, आणि ते कोलामांचे स्वतःचे असेल.