प्राचीन इतिहासाचे पुस्तक कसे पारखावे?



छापलेला शब्द म्हणजे खरा शब्द, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी नववीच्या वर्गाची सहल पांडवलेण्यांवर नेली. आदल्या रात्री एका पुस्तिकेतून टिपणे काढली होती, ती मुलांना ऐकविली : पांडव वनवासात येथे राहिले व त्यांनीच ही लेणी कोरली. तेव्हा एका मुलीने भिंतीवरील अक्षरांकडे बोट दाखवून विचारले, "सर, मग पांडवांनी येथे काय लिहिले आहे?"

मला उत्तर देता आले नाही. "पुढच्या इयत्तेत शिकाल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण ती चुटपुट मनातून गेली नाही. पुढे मी जे वाचले, त्यातून इतिहासाचे पुस्तक पारखण्याच्या चार कसोट्या हाती लागल्या. त्या आपणांपुढे ठेवतो.

पहिली कसोटी अशी, की पुस्तक पुरावा दाखविते काय? 'पांडवलेणी' हे लोकांनी प्रेमाने दिलेले नाव आहे. त्याचा अनादर करण्याचे कारण नाही. पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. ही सुमारे चोवीस बौद्ध लेणी आहेत. त्यांतील मुख्य लेणी इसवी सनापूर्वीचे पहिले शतक ते इसवी सनाचे तिसरे शतक या काळातली. भिंतीवरील लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी ते वाचले आणि १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये त्यांची माहिती आली. जे पुस्तक "अमक्या क्रमांकाच्या लेण्यात असा लेख आहे" असे सांगते, त्याची खात्री आपण डोंगर चढून करू शकतो. "असे म्हणतात" एवढेच सांगणाऱ्या पुस्तकाची खात्री कोठे करणार?

दुसरी कसोटी आकड्यांची. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर शेकडा एक व्याज ठरले आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते. आता विद्यार्थ्यांनी वहीत गणित मांडावे. व्याज दरमहा धरले, तर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा म्हणजे तेही दोनशे चाळीसच! हिशेब तंतोतंत जुळतो. एखादे पुस्तक येथे 'वार्षिक एक टक्का' लिहील, तर पाचवीचा मुलगाही चूक दाखवील.

आकडे तपासण्याची ही रीत नवी नाही. इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात आधीच्या इतिहासकारांची अशीच झडती घेतली. हजरत मूसा यांच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक माणसे होती, असे लिहिलेले वाचून त्यांनी विचारले, की एवढी फौज एका रणांगणात उभी तरी कशी राहील? लिहिणारा मोठा आहे म्हणून त्यांनी आकडा मान्य केला नाही.

तिसरी कसोटी : सांगणारा कोण, व दुसरा साक्षीदार आहे काय? तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी कोरविली आहे. त्याने क्षहरातांचे, म्हणजे नहपानाच्या घराण्याचे, निर्मूलन केले असे ती सांगते. आईने केलेली मुलाची स्तुती जपूनच घ्यावी. परंतु १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारलेला होता. नाण्यांना कोणाची स्तुती करावयाची नव्हती. म्हणून या बाबतीत राजमातेचे म्हणणे मान्य करावे लागते.

चौथी कसोटी : पुस्तक केव्हाचे आहे, व ते शंका मान्य करते काय? मोहेंजोदडो व हडप्पा येथील संस्कृतीची वार्ता १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी जाहीर केली. गोदाकाठची आपली मातीची गढी आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. त्यापूर्वीचे पुस्तक कितीही विद्वानाचे असले तरी त्यात हे असणार कसे? म्हणून विकत घेताना प्रथम प्रकाशनाचे वर्ष पाहावे. तसेच १९७४ मध्ये दायमाबाद येथे तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा या वजनदार मूर्ती मिळाल्या. त्या पद्धतशीर उत्खननाच्या थरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. हे मतभेद सांगणारे पुस्तक प्रामाणिक होय. सर्व काही छातीठोकपणे सांगणारे पुस्तक रंगीत चित्रांनी कितीही सजलेले असो, त्यावर कष्टाचा पैसा घालू नये.

एका पालकांनी मला विचारले, "मास्तरसाहेब, दोन हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टींशी आपल्या मुलांचा काय संबंध?" मी त्यांना गोवर्धनच्या विणकरांचा लेख सांगितला. त्यांचे आजोबा मालेगावात हातमागावर बसत. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे राजाचा जावई विणकरांवर विश्वास ठेवून पैसे ठेवीत होता!" पुढच्या रविवारी ते मुलांना घेऊन डोंगरावर गेले. इतिहास हा ज्याने वाचला त्याचा असतो. तो आपला नव्हे असे मानून आपणच आपल्या मुलांचा वाटा सोडून देतो.

तेव्हा पालकहो, मुलाच्या हाती पुस्तक द्याच, पण "हे लेखकाला कसे कळले?" हा प्रश्नही द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, हाच प्रश्न आम्हा शिक्षकांनाही विचारा. उत्तर आले नाही, तर आम्ही वाचनालयाची वाट धरू. त्या मुलीमुळे मी ती धरली. तिचे आभार मानावयाचे मात्र राहूनच गेले.