पाण्यावरची रेघ

गेल्या उन्हाळ्यात भाच्याकडे शिकागोला महिनाभर राहिलो. एका रविवारी तो म्हणाला, "मामू, चला, तुम्हाला आमचा समुद्र दाखवतो." समुद्र कुठला, ते मिशिगन सरोवर. पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, त्यामुळे कोकणातल्या माणसाला समुद्रच वाटतो. फक्त खारा वास नाही, तेवढं चुकल्यासारखं होतं.

शहराच्या दक्षिण भागातला ६३ वा रस्ता पूर्वेला जॅक्सन पार्कपर्यंत येतो आणि त्याच ओळीत पुढे काठावर एक लांबलचक, फिकट रंगाची काँक्रीटची इमारत उभी आहे. मधोमध आरपार मोकळी वाट, दोन्ही अंगांना खांबांच्या ओवऱ्या, आत मोकळे चौक, वर गच्ची. लांबून पाहिलं तर जुना मुसाफिरखाना वाटावा. जवळ गेलं की भिंतीतली बारीक खडी हाताला लागते. गिलावा करून ती झाकलेली नाही, मुद्दाम उघडी ठेवलेली आहे. हे ६३ व्या रस्त्यावरचं सार्वजनिक स्नानगृह. लोक इथे येऊन कपडे बदलायचे, अंग धुवायचे आणि पाण्यात उतरायचे. शिकागोच्या सरोवरकाठावरच्या अशा इमारतींमधली ही सर्वांत जुनी. चौकात कारंजं होतं, त्याखाली पोरं नाचत होती. पलीकडे वाळूत काही माणसं ढोल घेऊन बसली होती. वाजवणारे, नाचणारे, पोहणारे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय.

इमारत बांधून झाली ते वर्ष १९१९. ते ऐकलं आणि थबकलो, कारण शिकागोचं १९१९ साल मला दुसऱ्याच कारणाने माहीत होतं.

आधी इमारतीबद्दल. जॅक्सन पार्क म्हणजे १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाची जागा. आपल्याकडे शिकागो म्हटलं की विवेकानंद आठवतात. ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, पण इथे नव्हे, शहराच्या मध्यभागी, ज्या इमारतीत आता कलासंग्रहालय आहे तिथे. प्रदर्शनासाठी शहरातून थेट जॅक्सन पार्कपर्यंत खांबांवरची रेल्वे आणली गेली. प्रदर्शन संपलं, बहुतेक इमारती जळाल्या किंवा पाडल्या गेल्या, पण रेल्वे राहिली. त्यामुळे कत्तलखान्यात आणि गिरण्यांत राबणारा माणूसही रविवारी बायकोमुलांना घेऊन सरोवरावर येऊ शकत होता.

त्या काळी स्नानगृह ही चैन नव्हती. कामगारांच्या चाळवजा घरांत न्हाणीघर नसायचंच. शिकागो नगरपालिकेने १८९४ साली पहिलं मोफत सार्वजनिक स्नानगृह उघडलं ते याच कारणाने. उद्यानांचा कारभार पाहणारं साउथ पार्क कमिशन सरोवरावर स्नानगृह बांधत होतं, त्यामागेही तोच विचार होता: गरिबालाही अंग धुवायला, पोहायला, उन्हात बसायला जागा हवी, आणि ती देखणी हवी. खांब, ओवऱ्या, गच्च्या श्रीमंतांच्या क्लबालाच कशाला? या विचाराबद्दल मला खरोखर आदर आहे. आपल्या शहरांत सार्वजनिक म्हणून जे बांधलं जातं ते बहुतेक वेळा कुरूपच असतं, जणू फुकट मिळतंय तर तक्रार कशाला.

पण 'सर्वांसाठी' या शब्दात कोण कोण बसतं?

२७ जुलै १९१९, रविवार. भयंकर उकाडा होता. ६३ व्या रस्त्यापासून उत्तरेला साधारण सात किलोमीटरवर, २६ व्या रस्त्याच्या आसपास, काही कृष्णवर्णीय मुलं स्वतः बांधलेल्या तराफ्यावर खेळत होती. २५ व्या रस्त्याचा किनारा कृष्णवर्णीयांचा आणि २९ व्याचा गोऱ्यांचा, असं सगळे धरून चालत. त्या दुपारी काही कृष्णवर्णीय माणसं २९ व्या रस्त्यावर पाण्यात उतरू पाहत होती. त्यावरून दगडफेक सुरू झाली होती. तराफ्यावरच्या मुलांना याचा पत्ताच नव्हता. तराफा वाहत वाहत दक्षिणेला सरकला. किनाऱ्यावरून दगड येऊ लागले आणि १७ वर्षांचा यूजीन विल्यम्स बुडून मेला. दगड मारणाऱ्याकडे लोक बोट दाखवत होते, तरी तिथल्या गोऱ्या पोलिसाने त्याला पकडायला नकार दिला. उलट एका गोऱ्याच्या तक्रारीवरून एका कृष्णवर्णीयाला अटक झाली. मग दंगल पेटली. ३८ माणसं मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी. ५३७ जखमी झाली. हजारभर कुटुंबांची घरं गेली, ती बहुतेक कृष्णवर्णीयांची. चौथ्या दिवशी लष्करी तुकड्या रस्त्यावर आल्या. यूजीनच्या मृत्यूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

म्हणजे एकाच शहराने, एकाच सरोवराच्या काठी, एकाच वर्षी सर्वांसाठी म्हणून एवढं सुंदर स्नानगृह उभं केलं आणि पाण्यात वाहत आलेल्या मुलाला दगडही मारले. आणि तो किनारा गोऱ्यांचा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. अमेरिकेच्या दक्षिणेत पाट्या होत्या, कायदे होते. शिकागोत उलट होतं. इलिनॉय राज्याने १८८५ सालीच सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून भेद करायला बंदी घातली होती. कागदावर सरोवर सगळ्यांचं होतं. दंगलीनंतर सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय अशा १२ जणांचा आयोग नेमला गेला. त्याचा जाडजूड अहवाल १९२२ साली आला. उद्यानं आणि किनारे यांच्याबद्दल त्यात पुष्कळ आहे, आणि त्यातून दिसतं ते हेच की नियम नव्हता, रिवाज होता. रिवाज राखायला रखवालदार, पोलीस आणि दगड हाताशी असलेली पोरं पुरेशी होती.

पाण्यावरची रेघ म्हणजे क्षणात पुसली जाणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. इथे ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

पाटी नसलेली बंदी ही काय चीज असते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, किल्ली कधी देणार, सगळं. मग नाव विचारलं जायचं. एक एजंट तर बिचारा खरंच भला होता. म्हणाला, "सर, मालकांची काही हरकत नाही हो, माझीपण नाही. पण सोसायटीत जरा..." मी विचारलं, सोसायटीचा तसा नियम आहे का? तो गडबडून म्हणाला, "नियम कसा असेल सर? नियम नाहीच." माझ्या ओळखीतल्या किती जणांनी हेच वाक्य ऐकलंय याची मोजदाद नाही. लिहिलेला नियम निदान कोर्टात नेता येतो. न लिहिलेला कुठे नेणार?

शिकागोत तर रेघ पाण्यातून निघून घरांपर्यंत आली. १९१० साली शहरात ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९२० साली १ लाख ९ हजार. दक्षिणेतून माणसं येत राहिली, पण घरं मिळायची ती एका चिंचोळ्या पट्ट्यातच. त्यांनी त्याबाहेर पडू नये म्हणून गोऱ्या घरमालकांनी आपसात करार केले: आमचं घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, भाड्याने देणार नाही. इथे मात्र रेघ लिहून ठेवली होती. ६३ व्या रस्त्यापासून जवळच कार्ल हॅन्सबेरी नावाच्या गृहस्थांनी १९३७ साली घर घेतलं, तेव्हा जमावाने घरावर हल्ला केला आणि शेजाऱ्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९४० साली हॅन्सबेरी जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडावं लागलं.

माझं आजोळ महाडकडचं. त्यामुळे तिथे वाळूत बसल्या बसल्या चवदार तळं आठवलं नसतं तरच नवल. गोष्ट विलक्षण सारखी आहे. मुंबई विधिमंडळात १९२३ साली एस. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तसा ठरावही केला. कागदावर तळं खुलं झालं. तीन वर्षं एकही अस्पृश्य माणूस तिथे पाण्याला हात लावू शकला नाही. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात जी मारहाण झाली तीत कितीतरी जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. मनुस्मृतीचं दहन झालं ते तिथेच. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची, आणि ती अभिमानाचीच आहे.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग घरात कोणी सांगितला नव्हता, तो मी मोठेपणी वाचला. चवदार तळ्याचं पाणी मुसलमान आधीपासून भरत होते. त्यांना मनाई नव्हती. नंतर जो खटला चालला त्यातही ही गोष्ट नोंदलेली आहे. म्हणजे जी रेघ माणसाला पाण्यापासून तोडत होती, तिच्या आतल्या बाजूला आम्हीही होतो, घागर भरून घरी जात होतो. पाण्यावर बसलेला जो तो दुसऱ्याला काठावर ठेवायला शिकतोच. शिकागोत पोलंडहून, आयर्लंडहून आलेल्या कामगारांना त्या शहरात आधी काय कमी हिणवलं गेलं होतं? तरी किनाऱ्यावर ते गोरे झाले.

तो खटला दहा वर्षं चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. कारण काय दिलं? माणसं समान आहेत म्हणून नव्हे. मनाई करण्याचा रिवाज अनादी काळापासून चालत आल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून.

परत सरोवरावर येऊ. ६३ व्या रस्त्यापासून दक्षिणेला अडीच किलोमीटरवर रेनबो बीच आहे. ऑगस्ट १९६० मध्ये एनएएसीपी या संघटनेच्या युवा शाखेचे तीसेक तरुण-तरुणी तिथे गेले. वेल्मा मर्फी ही त्यांची पुढारी. घोषणा नाहीत, मोर्चा नाही, नुसते जाऊन वाळूत बसले. भोवती गर्दी जमली आणि दगड सुरू झाले. वेल्माच्या डोक्याला १७ टाके पडले. पुढच्या उन्हाळ्यात ती मंडळी पुन्हा गेली, या वेळी गोरे साथीदारही बरोबर होते आणि पोलिसांचं संरक्षण होतं. मग परत, परत जात राहिली. १९१९ पासून ४१ वर्षं गेली होती आणि हत्यार बदललेलं नव्हतं. आता तिथे या प्रसंगाची आठवण सांगणारी खूण लावलेली आहे.

दरम्यान जॅक्सन पार्कशेजारची वुडलॉन वस्ती बदलली. १९५० नंतर दहा वर्षांत तिथले बहुतेक गोरे उपनगरांत निघून गेले. स्नानगृह ज्यांना नाकारलं जात होतं त्यांच्याच वाट्याला आलं, पण सत्ता आणि पैसा वस्ती सोडून गेल्यावर आलं. पुढे डागडुजी झाली, चौकात कारंजं आलं, २००४ साली शहराने तिला वारसावास्तूचा दर्जा दिला. आता लग्नसमारंभासाठीही ती भाड्याने मिळते. ज्या पट्ट्यात एके काळी माणसांना कोंडलं होतं, तिथल्या नातवंडांची लग्नं त्या ओवऱ्यांत लागत असतील तर मला आनंदच आहे.

त्या दिवशी मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. जुलै असूनही पाणी गार होतं. शेजारी एक आजी नातीचा हात धरून उभी होती, लाट आली की दोघी किंचाळत आणि हसत. अस्रची वेळ झाली तशी तिथल्याच नळावर वजू केला आणि ओवरीच्या सावलीत एका कोपऱ्यात नमाज पढलो. कोणी वळूनही पाहिलं नाही. ढोल चालूच होते.

परतताना भाच्याला म्हटलं, २९ व्या रस्त्याचा तो किनारा दाखव. त्याने गाडी उत्तरेला घेतली, थोडा गोंधळला, मोबाईलवर नकाशा उघडला. तो किनारा आता नाहीच. नंतरच्या वर्षांत सरोवरात भराव टाकून काठ पुष्कळ पुढे नेला आहे. जिथे यूजीन बुडाला त्या बाजूला आता बाग आहे, आणि काठाकाठाने जाणारा मोठा रस्ता. आम्ही गाडीतच होतो. मागून हॉर्न वाजायला लागले, तसा भाचा म्हणाला, "मामू, इथे थांबता येणार नाही," आणि आम्ही पुढे निघालो.