बुधवारची कोंबडी

१८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, १८५४ त कल्याणला पोहोचली. आणि हळूहळू घरचे जेवणही गाडीच्या वेळेला बांधले गेले. कोंबडी मात्र रविवारची, नाहीतर पाहुण्यांची. गावठी कोंबडी चुलीवर शिजायला फार वेळ घेई. नोकरीवरून थकून आलेल्या बाईने ती बुधवारी करावी कधी? १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज निघाली, ब्रॉयलर कोंबडी बाजारात रुळली, घरोघर कुकर आला. आता वाटण आदल्या रात्री करावे, कोंबडीला आले-लसूण, हळद, दही चोळून फ्रीजमध्ये ठेवावे. डोंबिवली लोकल उशिरा आली तरी अर्ध्या तासात रस्सा तयार! चव गावठीचीच खरी, हे कबूल. पण चुलीपुढचे ते तास कुणाचे गेले, हेही इतिहासाने लिहून ठेवायला नको का?