नागपूर कसोटीत जो नव्हता

मार्च 2006. नागपुरात भारत-इंग्लंड कसोटी. 21 वर्षांच्या अ‍ॅलिस्टर कूकने पदार्पणातच 60 आणि नाबाद 104 धावा केल्या. माँटी पनेसरने कसोटीतला पहिला बळी घेतला, तो थेट सचिनचा. त्या सामन्याचा विषय निघाला की हेच दोघे आठवतात. मला मात्र तिथे नसलेला सलामीवीर आठवतो : मार्कस ट्रेस्कॉथिक.

तो दौऱ्यावर आला होता, पण कसोटीआधीच मायदेशी परतला. आधी कारण सांगितले गेले ‘वैयक्तिक’, पुढे विषाणूचा संसर्ग. खरे कारण होते नैराश्य. 2008 साली आत्मचरित्रात त्याने ते मोकळेपणाने मांडले. 76 कसोटींत 5825 धावा करणाऱ्या माणसालाही मन आजारी आहे, हे सांगायला दोन वर्षे लागली. त्याच वर्षी तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. सॉमरसेटकडून मात्र 2019 पर्यंत खेळला.

आपल्याकडे 2020 मध्ये मोहम्मद शमी रोहित शर्माशी बोलताना जाहीरपणे म्हणाला, की दुखापत आणि घरगुती ताणाच्या काळात तीन वेळा आत्महत्येचा विचार मनात आला होता. घरच्यांनी त्याला एकटे सोडले नाही, म्हणून तो सावरला.

असे कुणी बोलले की आपल्या समाजात पटकन म्हणतात, ‘ईमान कमजोर झालंय.’ मीही म्हणालो आहे. माझा भाचा जिल्हा संघातून वगळल्यावर खोलीबाहेर येईना, तेव्हा मी त्याला सांगितले, ‘नमाज पढ, सगळं ठीक होईल.’

नमाजने धीर मिळतो, हे मी आजही मानतो. पण आपलाच इतिहास मी वाचला नव्हता. दहाव्या शतकात बल्ख येथील अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख वेगळे आणि विनाकारण दाटून येणारे वेगळे, हा फरक त्यांनी केला. दुसऱ्याचे मूळ शरीरातही असते आणि त्यावर औषधोपचार करावेत, असे त्यांचे मत. घरात जशी औषधे ठेवतो, तसे धीर देणारे विचार मनात तयार ठेवावेत, हा त्यांचा सल्ला. यात ईमान तोलण्याचा प्रश्नच नव्हता.

भाच्याला मी डॉक्टरांकडे नेले, पण उशिरा. त्या उशिराचा दोष माझा.